मशीन चालू असेपर्यंत बोलायचं

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. कोणाच्या मैत्रिणीच्या नणंदेला आलेला अनुभव नाही. मी तिथे होते. माझ्या या दोन कानांनी सगळं ऐकलंय.

आणि हो, रात्र नव्हती.

मंगळवार होता. दुपारचे साडेबारा वाजले होते. बाहेर डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं आणि समोरच्या गॅलरीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. अशा वेळी माणसाला भीती वाटत नाही. मलाही वाटत नव्हती.

या पेजवरच्या गोष्टी मी बरीच वर्षं वाचतेय. निम्म्या थापा असतात हे मलाही कळतं, म्हणून स्वतः कधी लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण मागच्या आठवड्यात आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती शेवटी सांगते. आधी तीन वर्षांपूर्वीचा तो मंगळवार सांगायला हवा.

आमचं टेलरिंगचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. शाळांचे गणवेश शिवतो. लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात सासूबाई गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या, "अगं, दोरा सुईत घालतात. तू सुई दोऱ्यात घालतेयस."

तेव्हापासून आमचं जे विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं, ते शेवटपर्यंत टिकलं. पण एक सांगते, काम त्यांनीच शिकवलं. जीव तोडून शिकवलं.

सासूबाई लढाईतून वाचलेल्या. नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा. आईवडील, घर, गाव, सगळं गेलं. त्यावर त्या कधी चकार शब्द काढत नसत. फक्त एका वस्तूबद्दल बोलायच्या.

कात्री.

त्यांच्या आजोबांची कापड बेतायची कात्री. पितळी मुठीची, अकरा इंची. तीन पिढ्यांच्या अंगठ्यांनी मुठीची कडी एका बाजूने झिजली होती म्हणे. मी दुकानातल्या कात्रीने एकदा कागद कापला, तर केवढ्या कडाडल्या! "कागदाने धार जाते! माझ्या आजोबांच्या कात्रीला कोणी कागद दाखवला असता ना, तर त्यांनी घराबाहेर काढलं असतं."

ती कात्री त्या गावातल्या घरात राहिली होती. मधे सरहद्द बदलली. जाणंयेणं बंद झालं. तिथल्या कचेरीशी त्या तीस वर्षं पत्रव्यवहार करत होत्या, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. एक दिवस उत्तर आलं. घर पाडणार आहोत, बुधवारी. त्याआधी यायचं असेल तर परवाना देतो.

पासष्ट वर्षांच्या बाई. गुडघे दुखतात, रस्ता ओलांडताना माझा दंड धरतात. म्हणाल्या, "मी जाणार."

शाळा सुरू व्हायचे दिवस होते. आमच्या ह्यांना दुकान सोडता येईना. मग सोबत कोण? सून.

त्यांनी एक सुटकेस घेतली होती. ती उचलताना माझा खांदा निखळायची वेळ आली.

"आई, यात दगड भरलेत का? कात्री आणायला जाताना कोणी एवढं ओझं नेतं?"

"तुला जड वाटतंय तर मी उचलते."

"तसं म्हटलं का मी?"

"मग चल गुपचूप."

दोन दिवस गाडीत सुटकेस त्यांच्या पायाशी होती. उघडू दिली नाही. रात्रीही एक हात तिच्यावर ठेवून झोपल्या.

घर एका अरुंद गल्लीत होतं. दुमजली. वरचं छप्पर निम्मं काढलेलं. खालच्या खोलीत पूर्वी सासूबाईंच्या वडिलांचं दुकान होतं, नंतर कितीतरी वर्षं कसलंसं गोदाम. दारं काढून नेलेली, भिंतींचे पोपडे निघालेले, जमीन सिमेंटची. रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी.

सासूबाई उंबऱ्यावरच थांबल्या. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. खिडकीकडे बघत राहिल्या.

घर पाडायच्या कामावर एक मुकादम होता. जाडजूड, बोलका माणूस. त्याने आमचा परवाना उलटसुलट करून पाहिला.

"आजी, वस्तू कुठे ठेवलेली?"

"तळघरात."

"तळघर?" तो हसला. "अहो, या घराला तळघर नाही. नकाशा आहे माझ्याकडे. खाली सगळं भरीव."

"नकाशात नव्हतंच ते," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी वाचले."

मग त्यांनी पर्समधून टेप काढली. मापं घ्यायची, आमची रोजची. गुडघे टेकून बसल्या. खिडकीच्या चौकटीला टेपचं टोक लावून मला धरायला लावलं.

"चौतीस इंच. इथे खूण कर. आता या भिंतीपासून अठ्ठावीस."

शिवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून उजेड यायला हवा, म्हणून मशीन नेमकं कुठे ठेवायचं हे त्यांच्या वडिलांनी मोजून ठरवलं होतं. छप्पन्न वर्षं ती दोन मापं या बाईंच्या डोक्यात होती. त्यांनी कापडावर मारतात तसा खडूने जमिनीवर एक चौकोन आखला.

"इथे फोडा."

मुकादमाने डोकं खाजवलं. गड्यांना हाक मारली. दोघं आले, पण ड्रिल मशीन उचलायला कोणी तयार होईना. एकमेकांकडे बघत उभे.

"काय झालं यांना?" मी विचारलं.

"काही नाही हो वहिनी. डोक्यात खूळ शिरलंय एकेकाच्या." मुकादम हसत हसत सांगायला लागला. "म्हणतात, या खोलीत ड्रिल सुरू केलं की खालून कोणीतरी बोलतं. लहान मुलीसारखं. ड्रिल बंद केलं की गप्प! मी म्हटलं, बाबांनो, दिवसभर त्या आवाजात राहून कान वाजतात तुमचे. भूत असतं तर शांततेत बोललं असतं ना? एवढ्या गोंगाटात कशाला बोलेल?"

मीही हसले.

आणि माझ्या शेजारी... खडू मोडल्याचा आवाज आला.

सासूबाईंच्या हातात त्याचे दोन तुकडे होते. चेहरा पांढराफटक.

"चालू असतानाच?" त्यांनी विचारलं. "नक्की? बंद असताना एकदाही नाही?"

"नाही आजी. चालू असतानाच."



शेवटी मुकादमाने स्वतः ड्रिल धरलं. सिमेंट फुटलं. त्याखाली विटांचा थर. त्याखाली... लाकूड.

बरोब्बर खडूच्या चौकोनात. फळीला लोखंडी कडी होती. फळी बाजूला केली आणि खालून गार हवेचा एक झोत आला. बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांना येतो तसा वास.

गडी चार पावलं मागे सरले. मुकादमाचा बोलकेपणाही जरा कमी झाला.

"जेवणाची सुट्टी झाली," तो म्हणाला. "आम्ही दीडला येतो. तोवर काय शोधायचं ते शोधा. दीड वाजता भिंतीला हात घालणार. उद्या सकाळी इथे मैदान असेल."

ते गेले.

खोली एकदम शांत झाली. बाहेरची सतरंजी झटकणारी बाईसुद्धा आत गेली होती.

सासूबाई त्या चौकोनाच्या काठावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस. तुला खोटं सांगून आणलंय मी."

मग त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

खाली त्या एकट्या नव्हत्या. दोघी होत्या. त्या, आणि पाच वर्षांची धाकटी बहीण. घरात तिला बटण म्हणायचे. घरातली सगळ्यात लहान वस्तू, आणि सारखी कुठेतरी घरंगळणारी, म्हणून बटण.

शिपाई घराघरातून माणसं उचलून नेत होते. वडिलांना आधीच नेलं होतं. आईला ठेवलं, कारण शिपायांचे गणवेश शिवायला कोणीतरी हवं होतं. मुली घरात आहेत हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून तळघर. फळीवर चटई, चटईवर आईचं पायमशीन.

आणि एक नियम.

वर मशीन चालू असलं की खाली बोलायचं, खोकायचं, रडायचं असेल तर रडायचं. त्या आवाजात काही ऐकू जात नाही.

मशीन थांबलं की गप्प. श्वाससुद्धा दाबून. आईला बॉबिन, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची फिरकी, बदलायला थांबावं लागलं, तरी गप्प. कारण बॉबिन संपलीय की दारात कोणी आलंय, हे खालून कळायचं नाही.

"बटण माझ्यापेक्षा शहाणी होती गं," सासूबाई म्हणाल्या. "बोलता बोलता मशीन थांबलं की अर्धा शब्द तोंडात धरून बसायची. पुन्हा सुरू झालं की पुढचा अर्धा बोलायची."

शिपाई लोखंड, पितळ सगळं नेत होते, म्हणून आजोबांची कात्री फ्लॅनेलमध्ये गुंडाळून आईने खाली दिली होती. बटण ती कुशीत घेऊन झोपायची.

एका दुपारी मशीन थांबलं.

आणि पुन्हा सुरू झालं नाही.

त्या बसून राहिल्या. दिवस गेला. रात्र गेली. दुसरा दिवस. पाणी संपलं. बटणचे ओठ फुटले, पण तिने हूं की चूं केलं नाही. मशीन बंद होतं ना.

मागच्या भिंतीत वर एक झरोका होता. सासूबाई त्यातून कशाबशा बाहेर पडल्या. जाताना बहिणीच्या कानात सांगितलं, "पाणी घेऊन येते. आई मशीन सुरू करेपर्यंत आवाज करायचा नाही. बाहेर यायचं नाही."

बटणने मान हलवली.

गल्लीच्या तोंडाशी नळ होता. तिथे पोहोचल्या आणि पळणाऱ्या माणसांचा लोंढा आला. कोणीतरी पोरकी पोर समजून उचललं आणि ट्रकमध्ये टाकलं. त्या ओरडत राहिल्या. ट्रक थांबला नाही.

"ती माझ्या सांगण्यावरून बसलीय," सासूबाई म्हणाल्या. "छप्पन्न वर्षं झाली. मला तिला बाहेर काढायचंय. उद्या हे सगळं पडलं की संपलं."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आधी मी खाली उतरले. भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या होत्या. मोबाईलचा टॉर्च लावला. खोली एवढीशी, मला ताठ उभंही राहता येईना. मागचा झरोका विटांनी बुजवलेला. कोपऱ्यात पत्र्याचा एक पेला पडला होता.

बाकी काही नाही.

मला ज्याची भीती होती, ते काही नव्हतं. हाडं नाहीत, कपडे नाहीत. कात्रीसुद्धा नाही. एवढ्याशा खोलीत अकरा इंची कात्री लपणार कुठे? मी चारही कोपरे हाताने चाचपले.

"बटण..." वरून सासूबाईंनी हाक मारली. "बटण, मी आलेय."

काहीच नाही.

पण... खोली रिकामी वाटत नव्हती.

लपाछपी खेळताना दाराआड कोणी दम धरून उभं असतं ना? दिसत नाही, ऐकू येत नाही, पण कळतं. तसं. माझ्या अगदी जवळ, कमरेच्या उंचीवर, कोणीतरी श्वास रोखून धरला होता.

मी वर कशी आले मला आठवत नाही.

"आई, चला इथून."

"ती बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "मशीन बंद आहे ना."

आणि त्यांनी सुटकेस उघडली.

आत हातमशीन होतं. आमच्या दुकानातलं, त्यांचं सगळ्यात जुनं. चादरीत गुंडाळून आणलं होतं. म्हणजे मुकादमाने सांगायच्या आधीच, घरून निघतानाच यांना ठाऊक होतं.

त्यांनी ते खिडकीपासून मोजलेल्या जागेशेजारी मांडलं. फळी काढलेल्या त्या भोकाकडे पाठ करून बसल्या. मला बाजूला बसवलं.

"तू अवाक्षर काढायचं नाही. तुझा आवाज तिच्या ओळखीचा नाही."

एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्यांनी चाक फिरवलं.

खट्... खट्... खटखटखटखट.

रिकामं मशीन. ना दोरा, ना कापड. तो आवाज मी रोज ऐकते, त्यातच स्वयंपाक करते, त्यातच झोपते. पण त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला.

एक मिनिट गेलं. दोन.

मग खालून...

कोणीतरी खोकलं.

बारीक, कोरडा खोकला. खूप वेळ दाबून धरलेला असावा तसा, एकामागून एक, थांबेचना. सासूबाईंची पाठ ताठ झाली. हात थांबला नाही.

खोकला थांबला. मग पुटपुटणं. शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. एकटं खेळणारं मूल स्वतःशीच बोलतं, तो सूर.

आणि मग पायरीवर... ठण्.

लोखंडावर लोखंड.

ठण्. एक पायरी वर.

ठण्.

मी डोळे मिटून घेतले. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. डोळे उघडे ठेवायची माझी छाती झाली नाही. म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे.

अनवाणी पावलं माझ्याजवळून गेली. गार हवा माझ्या गुडघ्याला लागली. पावलं सासूबाईंच्या पाठीमागे थांबली.

"आई?"

मशीन चालूच. सासूबाई तिच्या आईच्या जागी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मशीनवर वाकलेली पाठ. मागून तिला आईच वाटली असणार.

"हं," सासूबाई म्हणाल्या. तो आवाज त्यांचा नव्हता. मऊ, तरुण बाईचा होता.

"शिपाई गेले?"

"गेले बाळा. सगळे गेले."

"ताईला रागवू नकोस हं."

चाकाची लय चुकली. खट्... खट्... पुन्हा सावरली.

"ती बाहेर गेली ना, ते माझ्यासाठी. पाणी आणायला. तू तिला मारू नकोस."

"नाही मारणार."

"मी रडले नाही. ताईने सांगितलं तशीच बसले."

"शहाणी माझी बटण ती."

मला वाटलं, झालं. आता यांनी फक्त "ये, इथे बस" म्हणावं. पोरीला आई मिळाली होती. छप्पन्न वर्षांनी का होईना, कोणीतरी तिला वर बोलावलं होतं. एवढ्यावर सगळं शांत झालं असतं. अजूनही मला तसंच वाटतं.

"ताई अजून आली नाही?" तिने विचारलं.

आणि सासूबाईंना राहवलं नाही.

"बटण... अगं, मीच ताई. मी आलेय बघ."

त्या वळल्या असाव्यात. आणि तिने त्यांचा चेहरा पाहिला असावा.

खोलीत फक्त मशीन वाजत होतं. उलट्या हाताने त्या चाक फिरवत असाव्यात.

मग ती हसली. लहान मुलं मोठ्यांच्या वेड्यासारख्या बोलण्यावर हसतात तशी. पण थोडी घाबरून.

"तू ताई नाहीस. ताई एवढी नाहीये. ताई नऊ वर्षांची आहे. तिला दोन वेण्या आहेत."

"बटण, ऐक माझं..."

"मी बोलावून आणते तिला. तिला रस्ता सापडत नसेल."

पावलं पळाली. दाराकडे.

"नको! जाऊ नकोस!" सासूबाईंनी चाक सोडलं.

मशीन थांबलं.

आणि पावलंही थांबली.

जागच्या जागी. उंबऱ्याच्या अलीकडे. एक पाऊल बहुतेक उचललेलंच असेल.

मी डोळे उघडले. दाराच्या चौकटीत ऊन होतं. बाकी कोणी नव्हतं. सासूबाई गुडघ्यांवर सरपटत दाराकडे जात होत्या, दोन्ही हात पुढे पसरून, आंधळ्या माणसासारख्या.

"बटण, इकडे ये. माझ्याकडे ये बाळा. चुकलं माझं, मी आईच आहे, ये..."

उत्तर येणार नव्हतं. मशीन बंद होतं. पण सुरू केलं तर ती पळणार होती.

त्यांचे हात चौकटीपर्यंत पोहोचले. रिकाम्या हवेत काहीतरी शोधत होते. एक क्षण त्यांची बोटं थांबली. जणू काहीतरी हाताला लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. इतक्या आनंदी त्यांना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मागच्या खोलीत ड्रिल सुरू झालं.

मुकादम वेळेचा पक्का निघाला. मागच्या दाराने गडी आत आले होते, त्यांना काय माहीत? दीड वाजला, त्यांनी भिंतीला ड्रिल लावलं. सगळं घर थरथरलं.

आणि त्या गोंगाटात मी अगदी स्पष्ट ऐकलं. पावलं उंबरा ओलांडून गल्लीत गेली. पळत. लांब, लांब. आणि एक बारीक आवाज.

"ताई... ए ताई..."

सासूबाई गल्लीत धावल्या. दुखऱ्या गुडघ्यांची बाई, धावली. कोपऱ्यावर मी त्यांना गाठलं. तिथे आता नळ नव्हता. रस्ता होता, गाड्या होत्या, माणसं होती. त्या भर रस्त्यात उभ्या राहून हाका मारत होत्या आणि लोक वळून वळून बघत होते.

आम्ही परत आलो तेव्हा हातमशीनशेजारी कात्री पडलेली होती. पितळी मुठीची, एका बाजूने झिजलेली. मूठ सासूबाईंच्या बसण्याच्या जागेकडे, टोक दुसरीकडे. आम्ही शिवणारी माणसं कात्री देताना तशीच देतो, समोरच्याला टोक लागू नये म्हणून. पाच वर्षांच्या पोरीलाही ते शिकवलेलं होतं.

बुधवारी घर पाडलं.

सासूबाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. माझ्याशी भांडणं त्यांनी बंद केलं, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. एकदाच त्या विषयावर बोलल्या. म्हणाल्या, "आत होती तेव्हा कुठे आहे ते तरी माहीत होतं. मी तिला बेघर केलं."

मागच्या वर्षी त्या गेल्या.

आता मागच्या आठवड्याचं सांगते.

मला एकच मुलगी आहे. गेल्या महिन्यात तिला नऊ वर्षं पूर्ण झाली. शाळेचा नियम आहे, दोन वेण्या घालाव्या लागतात. सगळे म्हणतात, आजीची हुबेहूब प्रतिमा. नाक, कपाळ, चालणंसुद्धा.

चार-पाच दिवस तिच्या पाण्याच्या बाटलीत थेंबही उरत नव्हता आणि तरी ती घरी येऊन घटाघट पाणी प्यायची. मी विचारलं, "बाटली सांडतेस का?"

"नाही गं. एका छोट्या मुलीला देते. दुपारी सुट्टी झाली की फाटकापाशी उभी असते. तिला खूप तहान लागलेली असते."

"कोण मुलगी? कोणत्या वर्गातली?"

"शाळेतली नाहीये. चप्पलपण नसते तिला. मला ताई म्हणते."

माझ्या हातातलं कापड गळून पडलं.

"आणखी काय म्हणते?"

मुलगी जरा विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणते, चल आता घरी. आई रागावणार नाही. मी सांगितलंय तिला."

त्या दिवसापासून मी तिला शाळेत पाठवलेलं नाही. आज सहावा दिवस. आमचे हे म्हणतात, तू वेडी झालीस, अभ्यास बुडतोय पोरीचा. त्यांना काय सांगू? त्या गावापासून आम्ही दोन दिवसांच्या गाडीच्या अंतरावर आहोत. एवढं लांब ती चालत आली असेल. तीन वर्षं. प्रत्येक गावात दोन वेण्यांच्या मुली बघत.

काल दुपारी मी एकटीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. सुट्टी झाली, पोरं गेली, फाटक लागलं. मला कोणी दिसलं नाही. घाबरतच गेले होते, पण खरं सांगते, परत येताना रडू आलं.

आणि घरी मुलगी रोज एकच विचारते.

"आई, मी जात नाही तर आता तिला पाणी कोण देत असेल?"